मंडालेचा राजा रत्नागिरीत तीस वर्षं राहिला, पण खाडीवर मोकळेपणानं फिरायला त्याला कधीच मिळालं नाही

थंडीच्या दिवसांत रत्नागिरीला गेलात की संध्याकाळी कुणी ना कुणी तुम्हाला थिबा पॉइंटवर घेऊन जातंच. वरून खाली बघितलं की भाट्याची खाडी दिसते, काजळी नदीचं पात्र दिसतं, राजिवड्याकडे परतणाऱ्या होड्या दिसतात आणि पलीकडे अरबी समुद्र. हवेत गारवा असतो, वारा पडलेला असतो. माणसं फोटो काढतात, थोडं पाय मोकळे करतात आणि घरी जातात.

यात विशेष काय, असं वाटेल. पण ज्याच्या नावानं ही जागा ओळखली जाते, त्या थिबा राजाला एवढी साधी गोष्टही मनासारखी करता येत नव्हती. तो या गावात तीस वर्षांहून जास्त काळ राहिला. डोळ्यासमोर खाडी होती, समुद्र होता, येणारी-जाणारी जहाजं होती. पण परवानगी आणि पहारा यांच्याशिवाय त्याला बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, हा शेवटचा राजा. तो रत्नागिरीत कसा आला, इथं कसा राहिला आणि त्याच्यामागे काय उरलं, त्याचीच ही गोष्ट.

राजा व्हायचं नव्हतं, पण झाला

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा, मंडालेचा. वडील राजा मिंडॉन. याच मिंडॉननं दोन वर्षांपूर्वी मंडाले ही नवी राजधानी वसवायला घेतली होती. तोपर्यंत इंग्रजांनी दोन युद्धं करून ब्रह्मदेशाचा समुद्राकडचा सगळा भाग गिळला होता. रंगून त्यांच्याकडे होतं. मिंडॉनकडे उरला होता तो वरचा अर्धा देश, आणि त्या देशाला बाहेरच्या जगाशी जोडणारा एकच मोठा रस्ता, तो म्हणजे इरावती नदी.

मिंडॉनला अनेक राण्या आणि डझनावारी मुलं. त्यात थिबाचा नंबर बराच खाली. त्याची आई मर्जीतली राणी नव्हती. मंडालेतल्या मिशनरी शाळेत तो काही काळ शिकला, नंतर बौद्ध मठात गेला. अभ्यासात हुशार होता. १८७७ साली त्यानं पाली धर्मग्रंथांची अवघड परीक्षा दिली आणि चांगल्या प्रकारे पास झाला. सगळं सुरळीत चालू राहतं, तर तो विद्वान भिक्खू म्हणून आयुष्य काढता.

पण १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये मिंडॉन वारला. दरबारात एक राणी फार वजनदार होती, सिनब्युमाशिन. तिला स्वतःचा मुलगा नव्हता, मुली होत्या. तिला असा राजा हवा होता जो आपल्या ऐकण्यात राहील. तिनं आणि काही मंत्र्यांनी मिळून एकोणीस वर्षांच्या थिबाला गादीवर बसवलं. त्या राणीची मुलगी सुपायालत थिबाची पट्टराणी झाली. दोघांचे वडील एकच, म्हणजे ती त्याची सावत्र बहीण. ब्रह्मदेशच्या राजघराण्यात ही रीतच होती.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा ऐंशीच्या आसपास नातेवाइकांना ठार मारण्यात आलं. त्यात थिबाचे सावत्र भाऊ होते, बहिणी होत्या, मुलं होती. हुकूम नक्की कुणाचा, थिबाला आधी किती माहीत होतं, यावर आजही वाद आहे. पण राज्य त्याचं होतं, त्यामुळे रक्ताचा डाग त्याच्याच नावावर बसला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला दारुडा, क्रूर राक्षस ठरवलं. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटली तरी ही गोष्ट झाकून पुढे जाता येत नाही.

सागवानाच्या ओंडक्यांवरून युद्ध

आता येते मुंबईची एक कंपनी. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. ही कंपनी आजही आहे, वाडिया ग्रुपकडे. त्या काळात तिच्याकडे वरच्या ब्रह्मदेशातल्या सागवानाचे ठेके होते. हत्तींकडून ओंडके ओढून नदीत टाकायचे, त्यांचे तराफे बांधायचे आणि प्रवाहाबरोबर खाली रंगूनला न्यायचे, असा सगळा व्यवहार.

१८८५ साली मंडाले दरबारानं आरोप केला की कंपनी जेवढे ओंडके नेते, तेवढ्यांचे पैसे भरत नाही. दंड लावला सुमारे २३ लाख रुपये. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. थिबाचा दरबार फ्रान्सशी जवळीक वाढवत होता. शेजारच्या व्हिएतनामकडे फ्रेंच पाय पसरत होते. फ्रेंच मंडालेत आले तर हिंदुस्थानच्या दारात येऊन बसतील, ही इंग्रजांची भीती. सागवानाचं भांडण हे त्यांना मिळालेलं आयतं निमित्त होतं.

ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टचं सैन्य बोटींतून इरावतीनं वर निघालं. जेमतेम दोन आठवड्यांत खेळ संपला. २८ नोव्हेंबरला इंग्रज मंडालेत होते. १ जानेवारी १८८६ ला, म्हणजे नेमका थिबाच्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील केल्याची घोषणा झाली.

नदीवरचा हिवाळा

२९ नोव्हेंबर १८८५. थिबा, सुपायालत, तिची धाकटी बहीण आणि थिबाची दुसरी राणी सुपायागले, आणि दोन लहान मुली, यांना राजवाड्यातून बाहेर काढलं गेलं. सुपायालत तेव्हा गरोदर होती. आवराआवरीला फारसा वेळ मिळाला नाही. बैलगाड्यांत बसवून त्यांना नदीकडे नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मंडालेची माणसं उभी होती, अनेक जण रडत होते. काठावर थुरिया नावाची स्टीमर तयार होती.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सात वर्षांच्या राज्यात थिबा राजवाड्याच्या तटाबाहेर फारसा पडलाच नव्हता. आपण बाहेर गेलो आणि मागे कुणी गादी बळकावली तर, ही धास्ती. म्हणजे राजा असतानाही त्याचं जग चार भिंतींतलंच होतं. आपला देश त्यानं सलग असा पाहिला तो कैदी म्हणून, बोटीवरून.

पावसाळा संपून पाणी ओसरलेलं, थंडी सुरू झालेली. मागे मंडाले पडलं. मग आवा, त्याच्या पूर्वजांची जुनी राजधानी. मग बागान, जिथं मैलोन्‌मैल पॅगोडे उभे आहेत. पुढे इंग्रजांचा मुलूख आणि शेवटी रंगून. त्या नदीकाठी त्याला पुन्हा कधीच पाय ठेवता आला नाही.

रंगूनहून दुसऱ्या जहाजानं मद्रास. तिथं मार्च १८८६ मध्ये तिसरी मुलगी झाली. आणि एप्रिल १८८६ मध्ये हा सगळा कुटुंबकबिला पुन्हा जहाजावर चढला आणि रत्नागिरीला उतरला.

रत्नागिरीच का?

कारण रत्नागिरीला जाणं अवघड होतं, आणि तिथून निघणं त्याहून अवघड.

तेव्हा रेल्वे नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं, म्हणजे थिबा आल्यानंतर शंभराहून जास्त वर्षं गेली. एका बाजूला सह्याद्रीचे घाट, दुसऱ्या बाजूला समुद्र. मुंबईला जायचं तर बोट, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. कुणी राजाला पळवायला आलंच, तर येणार कुठून आणि जाणार कुठून? इंग्रजांना इथं मोठा तुरुंग बांधायची गरजच नव्हती. डोंगर आणि समुद्र हाच तुरुंग होता.

पुढे हाच हिशेब त्यांनी सावरकरांच्या बाबतीतही वापरला. १९२४ साली त्यांना सोडलं, पण रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर.

राजाला त्याच्या देशापासून तोडायचं आणि परक्या मुलखात विस्मरणात जाऊ द्यायचं, हा डाव त्याही आधीचा होता. १८५८ साली दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेलं होतं, तो तिथंच १८६२ साली वारला. मग रंगूनच्या वरचा राजा हिंदुस्थानात आला. आणि आपल्या मराठी माणसाला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांना ठेवलं कुठं? मंडालेच्या तुरुंगात. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. म्हणजे १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत कैदेत होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. टिळक 'गीतारहस्य' लिहून परत आले. थिबा परत गेला नाही.

पहाऱ्यातलं घर

सुरुवातीची चोवीसेक वर्षं थिबाचं कुटुंब इंग्रज साहेबांसाठी बांधलेल्या बंगल्यांमध्ये राहिलं. १८८७ मध्ये चौथी मुलगी रत्नागिरीतच जन्मली. देखरेखीला एक पोलीस अधिकारी नेमलेला होता. घरात कोण आलं, कोण गेलं, पत्र कुणाचं, खर्च किती, सगळ्याची नोंद व्हायची. बाहेर पडायचं तर आधी कळवायचं आणि बरोबर पोलीस घ्यायचे. अशा लवाजम्यानिशी कैदी म्हणून गावात मिरवण्यापेक्षा राजा घरातच बसणं पसंत करायचा.

मग दिवसभर करायचं काय? रत्नागिरीत अजूनही सांगतात की थिबा गॅलरीत बसून दुर्बिणीतून समुद्र बघायचा. बंदराकडे येणारी शिडाची गलबतं, मुंबईची बोट, मासेमारीच्या होड्या. अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी २००० साली आली, त्यातही हा समुद्र बघणारा राजा आहे. ज्याला स्वतःच्या पायांनी काठापर्यंत जाता येत नव्हतं, तो नजरेनं जाऊन येत होता.

पैशांचे हालही होतेच. सरकारी पेन्शन मिळायचं, पण राजेशाही सवयी आणि नोकरचाकरांचा खर्च त्यात भागत नव्हता. बरोबर आणलेले दागिने एकेक करून विकले गेले, आणि भाव ठरवताना त्याची फसवणूकही झाली. त्याच्या खजिन्यातलं एक प्रसिद्ध माणिक होतं, न्गा माउक. मंडाले सोडतानाच्या गडबडीत ते एका इंग्रज अधिकाऱ्याकडे दिल्याचं थिबाचं म्हणणं होतं. त्यानं सरकारला वर्षानुवर्षं अर्ज केले. माणिक मिळालं नाही.

शेवटी राजवाडा मिळाला

सततच्या मागण्यांनंतर सरकारनं त्याच्यासाठी नवं घर बांधायला घेतलं. आराखड्यात थिबानं स्वतः लक्ष घातलं. १९१० च्या अखेरीस, थंडीच्या तोंडावर, कुटुंब तिथं राहायला गेलं. हाच आजचा थिबा पॅलेस.

लाल जांभ्या दगडाची तीन मजली इमारत, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या आणि त्यांना रंगीत काचा, लाकडावर नक्षीकाम. कोकणातल्या कुठल्याच वाड्यासारखी ती दिसत नाही, कारण ती मुळात कोकणाची नव्हे, राजाच्या आठवणीतल्या मंडालेची आहे. गंमत म्हणजे मंडालेचा मूळ लाकडी राजवाडा १९४५ साली दुसऱ्या महायुद्धात जळून गेला. आज तिथं दिसतो तो नंतर उभारलेला आहे. रत्नागिरीचा मात्र अजून उभा आहे.

थिबाला नवं घर जेमतेम सहा वर्षं लाभलं. १९१२ मध्ये सुपायागले वारली. तिचा मृतदेह मंडालेला नेता येईल या आशेनं पुरलाच नाही, शवपेटीत जपून ठेवला.

मुलींचं काय झालं?

या कैदेची सगळ्यात मोठी किंमत चार मुलींनी मोजली.

मोठी राजकन्या मंडालेहून निघाली तेव्हा पाच वर्षांची होती. ती आणि तिच्या बहिणी रत्नागिरीतच वाढल्या, मराठी बोलायला शिकल्या. ना धड शाळा, ना मैत्रिणी. लग्न करायचं तर राजघराण्यातलाच मुलगा हवा, ही थिबाची अट. पण रत्नागिरीत ब्रह्मी राजपुत्र येणार कुठून? मुली तिशी गाठू लागल्या तरी अट सुटली नाही.

मोठीचं प्रेम जडलं ते घरच्याच एका नोकरावर, गोपाळ सावंतवर. तो आधीच विवाहित होता. १९०६ साली त्यांना मुलगी झाली, टूटू. थिबासाठी हा केवढा धक्का असेल, याची कल्पना करता येते.

दुसऱ्या राजकन्येनं एका तरुणाशी लग्न करायचं ठरवलं. थिबा तयार होईना. १९१६ च्या अखेरीस ती घर सोडून इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाला गेली. तिला परत आणायला पाठवलेली मोटार रिकामीच परतली आणि ते बघून राजाला झटका आला, असं सांगितलं जातं.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. वय ५७. त्यातली साडेतीस वर्षं रत्नागिरीत गेली होती, ब्रह्मदेशात काढलेल्या वर्षांपेक्षा जास्त.

मेल्यावरही परवानगी नाही

सुपायालतला नवऱ्याचा देह मंडालेला न्यायचा होता. सरकारनं नकार दिला. राजाची अंत्ययात्रा मंडालेत निघाली तर लोक पेटून उठतील, ही भीती. दोन वर्षांहून जास्त काळ शवपेटी तशीच राहिली. अखेर १९१९ मध्ये थिबा आणि सुपायागले या दोघांना रत्नागिरीतच पुरलं गेलं. त्यानंतर काही आठवड्यांत सुपायालत आणि मुली ब्रह्मदेशाला परतल्या. सुपायालतला राहायला रंगून मिळालं, मंडाले नाही. १९२५ साली ती तिथंच वारली.

मोठी राजकन्या मात्र तिकडे रमली नाही. ती टूटूला घेऊन गोपाळच्या मागे रत्नागिरीला परत आली. शेवटची वर्षं फार ओढाताणीची गेली. १९४७ साली, देश स्वतंत्र व्हायच्या दोन महिने आधी, ती इथंच वारली.

टूटूला ना राजवाड्याचा उपयोग झाला, ना राजघराण्याचा. तिनं एका मराठी ड्रायव्हरशी लग्न केलं, गोवऱ्या थापल्या, कागदी फुलं करून विकली, पोरं वाढवली. ती रत्नागिरीकरांसारखीच मराठी बोलायची. सुधा शहा यांनी थिबाच्या कुटुंबावर 'द किंग इन एक्झाइल' हे सविस्तर पुस्तक लिहिलं, ते २०१२ साली आलं. त्यात टूटूची ही हकीकत येते. २००० साली टूटू गेली. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात कोकणातली एक कष्टकरी आजी म्हणून जगली आणि गेली.

आज

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीसमोर उभे राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष आणि राजाचे वंशज तिथं जमले. विधी झाले, भिक्खूंनी प्रार्थना केली. देह मंडालेला न्यावा का, याची चर्चा अधूनमधून होते. समाधी अजून रत्नागिरीतच आहे.

थिबा चांगला राजा होता का? पुरावे बघता तसं म्हणणं अवघड आहे. त्याच्या कारकिर्दीत झालेल्या हत्या विसरता येत नाहीत. पण त्याला शिक्षा त्या हत्यांसाठी झाली नव्हती. इंग्रजांना त्याची नदी हवी होती, सागवान हवं होतं आणि फ्रेंच दारात नको होते. आणि ती शिक्षा त्याच्यापाशी थांबली नाही. पाच आणि तीन वर्षांच्या ज्या दोन मुली त्या स्टीमरवर चढल्या आणि ज्या दोन वाटेवर आणि इथं जन्मल्या, त्यांनी तर कुणाचंच काही बिघडवलं नव्हतं.

पुढच्या वेळी रत्नागिरीला जाल तेव्हा थिबा पॅलेस बघाच, तिथं आता राज्य पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आहे. तिथून थोडं चालत थिबा पॉइंटला जा. शक्यतो डिसेंबरात जा, तेव्हा संध्याकाळ लवकर होते आणि खाडी शांत असते. हवं तितका वेळ थांबा, हव्या त्या वाटेनं खाली उतरा, भाट्याच्या पुळणीवर चाला. कुणी अडवणार नाही, कुणाला विचारावं लागणार नाही. थिबाला नेमकं एवढंच हवं होतं.